शांघायला जायचं तर नटून जायचं

ताईंचं म्हणणं एकच होतं, "या वेळी मला नटायचंय गं. कपाटात साड्या नुसत्या पडून आहेत, त्या नेसून जरा बसता येईल अशा ठिकाणी ने मला." ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, ठाण्याच्या, बँकेतून नुकत्याच रिटायर झालेल्या. युरोप वगैरे त्यांचं टूर कंपनीबरोबर करून झालेलं, म्हणजे पहाटे पाचचा वेक-अप कॉल, बसमध्ये खाकरे, आणि दोनशे फोटो काढले तरी प्रत्येक फोटोत तेच जांभळं विंडचीटर. मी सिंगापूरला राहते, इथून शांघाय साडेपाच तासांवर, त्यामुळे ठरलं की त्या इकडे येणार आणि मग आम्ही दोघीच जाणार, नवरे घरी.

आता शांघायच का तर त्याला माझं एक वेड कारणीभूत आहे. मी लहानाची मोठी झाले शिवाजी पार्कच्या बाजूला, त्या गोल गोल बाल्कन्या आणि जिन्यातल्या जाळ्या असलेल्या आर्ट डेको बिल्डिंगांमध्ये, आणि शांघायमध्ये त्याच काळातल्या तशाच धाटणीच्या इमारती ढिगाने आहेत हे वाचल्यापासून ते डोक्यात होतं. त्यात मधला दुवा म्हणजे ससून. मुंबईचा ससून डॉक, काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी, पुण्याचं ससून हॉस्पिटल, तेच हे बगदादहून मुंबईत आलेलं घराणं. त्यातल्या व्हिक्टर ससूनने आपला पैसा मुंबईतून काढून शांघायमध्ये ओतला आणि १९२९ साली नदीकाठी कॅथे हॉटेल उभं केलं, आज त्याचं नाव पीस हॉटेल. हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराचं, शांघायच्या निम्म्या पोस्टकार्डांवर असतं तेच. हा पैसा कापसाचा जितका तितकाच अफूचाही, मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनला जायची, ते विसरून नुसतं झुंबरांकडे बघत बसणं मला काही जमत नाही, पण झुंबरं बघायला जायचंच होतं हेही खरं.

म्हणून प्लॅन करताना एकच सूत्र धरलं, की १९२०-३० च्या दशकातलं शांघाय बघायचं, बाकी सगळं जमलं तर. हे एकदा ठरवल्यावर इतकं सोपं झालं ना, कारण ते शहर अफाट आहे, अडीच कोटीच्या आसपास लोकसंख्या, मेट्रोच ८०० किलोमीटरच्या वर, आणि यादी करायला बसलं की संपतच नाही. डिस्नेलँड कट, वॉटर टाउन कट, सायन्स म्युझियम कट. दिवसाला एकच भाग, दुपारी हॉटेलवर परत, कपडे बदलून संध्याकाळी एकाच ठिकाणी निवांत बसायचं. ताईंना आधी हे पटेना, "एवढं लांब जाऊन दुपारी खोलीत काय करायचं?" म्हटलं, ताई, साडी नेसायला तुम्हाला पाऊण तास लागतो की नाही? मग तो आणायचा कुठून?

तारखा ठरवताना चीनच्या सुट्ट्या आधी बघून घ्या, हे मी कोणालाही सांगीन. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, मे महिन्याची सुरुवात आणि त्यांचं नवीन वर्ष, या तिन्ही वेळी अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो आणि नदीकाठच्या त्या प्रसिद्ध बंडवर पोलीस गर्दीला माणसांच्या साखळ्या करून आवरतात. जून-जुलैमध्ये चिकचिक पाऊस, ऑगस्टमध्ये घामाच्या धारा, त्यात सिल्क नेसणार कोण. आम्ही नोव्हेंबर घेतला. हवा साधारण १० ते १८ डिग्री, म्हणजे साडीवर कोट किंवा शाल पुरते, रस्त्यांवरच्या प्लेन झाडांची पानं पिवळी पडलेली, आणि काही रस्त्यांवर तर म्युनिसिपालिटी ती पानं मुद्दाम झाडत नाही, लोकांना बघायला ठेवते. फक्त एक लक्षात घ्यायचं की नोव्हेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडतो. उजेडातले फोटो हवे असतील तर नटायचं तीनला, सहाला नाही. आमचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीभोवती फिरलं.

व्हिसाचं रामायण थोडक्यात सांगते. माझ्या ऑफिसातले सिंगापुरी कलीग पासपोर्ट उचलतात आणि चालू पडतात, त्यांना तीस दिवस व्हिसाच लागत नाही. आपल्या भारतीय पासपोर्टला लागतो, आणि ती जी २४० तासांची व्हिसा-फ्री ट्रान्झिटची सोय सगळ्या व्हिडिओंमध्ये दाखवतात त्या देशांच्या यादीत भारत नाहीये, तेव्हा त्या भरवशावर तिकीट काढू नका. मी अर्ज सिंगापुरात केला, ताईंनी मुंबईत. फॉर्म ऑनलाईन, आणि लांबलचक, आई-वडिलांची नावं, शिक्षण, नोकऱ्या, आधी कुठे कुठे फिरलात, सगळं विचारतात. ताईंनी तो बँकेच्या इन्स्पेक्शनची तयारी करावी तसा फाइल लावून भरला. फोटोचे नियम फार कडक, चष्मा नको, कान दिसले पाहिजेत, चमकणारे दागिने नकोत, त्यामुळे ताईंना कुड्या काढाव्या लागल्या आणि "मी या फोटोत मी वाटतच नाही" हे पुढे महिनाभर ऐकावं लागलं. हॉटेलचं बुकिंग आणि विमानाचं तिकीट अर्जाला जोडायचं असतं, म्हणून हॉटेल कॅन्सल करता येईल असंच घेतलं, आणि बुकिंगवर दोघींची नावं पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी टाकून घेतली.

आता फोन, कारण शांघायमध्ये फोनशिवाय तुम्ही शून्य. तिथे पाकीट कोणी काढतच नाही, फुटपाथवर भाजलेली रताळी विकणारा आजोबासुद्धा क्यूआर कोड पुढे करतो. आपल्याला यूपीआयची सवय आहे म्हणून नवल वाटत नाही पण यूपीआय तिथे चालत नाही ना, अलीपे किंवा वीचॅट लागतं. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी, म्हणून ताईंच्या फोनचा नाद सोडला आणि सगळं माझ्या फोनवर ठेवलं. अलीपेला २०२३ पासून परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, पासपोर्टचा फोटो देऊन व्हेरिफिकेशन होतं, हे घरी बसून शांतपणे करा, एअरपोर्टवर नाही. २०० युआनच्या आतल्या पेमेंटवर चार्ज नाही, त्यावर गेलं की ३ टक्के कापतात. ताई म्हणाल्या मग मोठं बिल दोन भागात द्यायचं. तसा प्रयत्न त्यांनी एकदा मला करायला लावला, तो वेटर बिचारा हसून हो म्हणाला. ताईंच्या पर्समध्ये थोडे नोटांचे युआन दिले होते, मी कुठे हरवले तर असावेत म्हणून. त्यांनी ते परत जसेच्या तसे आणले.

इंटरनेटचं असं की गूगल, व्हॉट्सॅप, इन्स्टा, फेसबुक हे सगळं तिथे बंद आहे, पण तुम्ही आपल्या देशाच्या सिमवर रोमिंग घेतलंत तर ते ट्रॅफिक घरच्या कंपनीमार्गे जातं आणि सगळं नीट चालतं. हॉटेलच्या वायफायवर गेलात की संपलं. ताईंना हे कळेपर्यंत त्या "माझा ग्रुप मेलाय" म्हणून अस्वस्थ. मॅपसाठी गूगलवर विसंबू नका, चीनमध्ये तो रस्त्याच्या पलीकडे कुठेतरी टिंब दाखवतो, ॲपल मॅप्स किंवा तिथलं आमॅप वापरा. टॅक्सी अलीपेच्या आतच दिदीवर बोलवायची. आणि हॉटेलचं नाव, पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, कारण ड्रायव्हरला इंग्रजी नाव वाचून दाखवणं म्हणजे त्याला मराठी वाचून दाखवण्यासारखंच.

हॉटेलच्या बाबतीत मी फार दिवस घोळ घातला. पीस हॉटेलमध्ये सगळे दिवस राहायचं तर सिंगापूरचं घर गहाण टाकावं लागलं असतं. नदीपलीकडच्या पूदोंगच्या बाजूला काचेच्या टॉवरांमध्ये झकास हॉटेलं आहेत, स्वस्तही पडतात, पण तिथे खाली उतरलं की आठ पदरी रस्ते, चालत कुठे जाणार? शेवटी केलं असं, की आधीचे दिवस फ्रेंच कन्सेशनमधल्या, म्हणजे एके काळी फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या जुन्या वस्तीतल्या, एका छोट्या हॉटेलात, एका जुन्या घरालाच हॉटेल केलेलं, खाली उतरलं की झाडांचा रस्ता, आणि शेवटची एकच रात्र पीस हॉटेलमध्ये. सुरुवातीला नाही, शेवटी. एकदा तिथली गादी आणि ती आंघोळीची खोली अनुभवल्यावर मग साध्या हॉटेलात जायला नको वाटलं असतं ना. लहान हॉटेल घेताना एवढं बघा की ते परदेशी पाहुणे घेतात की नाही, कारण परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंद करावी लागते, हॉटेलवाले ती चेक-इनलाच करून टाकतात, पण काही छोटी हॉटेलं त्या भानगडीत पडत नाहीत.

बॅग भरायला मी ठाण्याला व्हिडिओ कॉलवर बसले होते. ताईंनी पलंगावर साड्यांचा डोंगर मांडलेला. नियम केला, की संध्याकाळी जितक्या वेळा बाहेर बसायचं तितक्याच साड्या, त्याही न चुरगळणाऱ्या, आणि दिवसा पँट, कुर्ता, एक चांगला लांब कोट. चपला मात्र पूर्ण सपाट आणि वापरून मऊ झालेल्या, कारण फ्रेंच कन्सेशन हे पायी बघण्याचंच ठिकाण आहे आणि मेट्रोची स्टेशनं अशी की एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर जाताना निम्मं ठाणे पार होतं. ताईंची माहेरची पारशी शेजारीण होती, तिच्याकडच्या गारा साड्यांचं त्यांना भारी अप्रूप, आणि तो गाऱ्याचा भरतकामाचा प्रकार मुळात चीनच्या व्यापारातूनच मुंबईत आलेला, तर त्यांच्या मनात होतं की तिथे तसं काही मिळतंय का बघू. गारा काही मिळाला नाही. पण कपड्यांचं दुसरंच प्रकरण झालं आणि अख्ख्या ट्रिपमधलं माझं आवडतं तेच.

झालं काय, की ताईंकडे माझ्या आजेसासूबाईंची एक पैठणी होती, मधे विरलेली, घडीवर चिरा पडलेल्या, नेसणं अशक्य, पण पदर आणि काठ अजून लखलखीत. ती त्यांनी बॅगेत टाकली होती, मला न सांगता. शांघायमध्ये लुजियाबांग रोडवर एक कापडबाजार आहे, तीन मजली, आत नुसते टेलरांचे गाळे, सूट, कोट, चीपाओ म्हणजे तो उभ्या कॉलरचा अंगाबरोबर बसणारा चिनी ड्रेस, जे म्हणाल ते मापाने शिवून देतात. तिथे पहिल्याच दिवशी जायचं हे मी ठरवलेलं होतं कारण शिवायला वेळ लागतो आणि मधे एक ट्रायल हवीच. मला एक काळा लोकरीचा कोट शिवायचा होता. ताईंनी त्या गाळ्यात शांतपणे पैठणी बाहेर काढली आणि म्हणाल्या, "याचं जॅकेट. उभी कॉलर."

टेलरबाई साधारण आमच्याच वयाच्या, चष्मा केसांत खोचलेला, गळ्यात टेप. त्यांनी पदर हातात घेतला, उलटवला, परत उलटवला. मग ट्यूबलाइटखाली नेला. परत उलटवला. मला वाटलं काही डाग बिग दिसला की काय. मग त्यांनी फोनमध्ये बोलून तो आमच्यापुढे धरला, भाषांतर आलं, "उलटी बाजू कोणती?" ताई जे हसल्या! हाताने विणलेल्या पैठणीला दोन्ही बाजू सारख्याच असतात, मागे सुटे धागे लोंबत नाहीत, तीच तर खरी ओळख. ते फोनवरून सांगितल्यावर त्यांनी शेजारच्या गाळ्यातल्या दोघींना बोलावलं, मग त्यांनी उलटवून बघितली, मग कोणाचा तरी म्हातारा सासरा उठून आला, त्याने नखाने जर खरवडून पाहिली आणि मान डोलावली. माझ्या कोटाकडे कोणी ढुंकूनही बघेना.

मग खरं काम सुरू झालं. मोर कापले जाता कामा नयेत, हे ताईंचं म्हणणं. टेलरबाईंनी पदर टेबलावर पसरला, खडूने पाठीचा भाग आखला, पुसला, दोन बोटं सरकवून परत आखला, शेवटी मधला मोर बरोब्बर पाठीच्या मध्यावर आणि बाजूचे दोन खांद्यांखाली आले. काठ पुढे दोन्ही बाजूंना आणि बाह्यांच्या टोकाला. विरलेलं अंग अस्तराला चिकटवून आत कुठे लपवायचं तेही त्यांनीच सुचवलं. बटणं कापडाची, ती गाठीची चिनी बटणं असतात ना, ती कशी करतात ते करून दाखवलं, सिल्कची उरेब पट्टी कापायची, दुमडून तिची बारीक दोरी शिवायची आणि मग ती बोटांवर गुंडाळून गाठ घालायची, दोन मिनिटांत एक बटण तयार. मापं किती घेतली म्हणता, मान दोन ठिकाणी, खांद्यापासून छातीपर्यंत, पाठीची रुंदी, दंड, मनगट, आणि ताईंना श्वास सोडून उभं राहायला लावलं, पोट आत घेऊ दिलं नाही. ताई म्हणाल्या, आमचा ब्लाऊजवाला पंचवीस वर्षांत एवढं बघत नाही. भावाची घासाघीस कॅल्क्युलेटरवर झाली, तो बाजारच तसा आहे, पहिला आकडा कोणी घेत नाही, साधारण दोन तृतीयांशावर जमलं. ट्रायलला कॉलर गळ्याला घासत होती ती त्यांनी जागेवरच उसवून अर्धा बोट कमी केली.

फ्रेंच कन्सेशनचे दिवस हे असे, सकाळी उशिरा निघायचं, वुकांग रोड, आनफू रोड, हुनान रोड, नुसतं चालायचं. वुकांग रोडच्या टोकाला १९२४ ची जहाजासारख्या निमुळत्या तोंडाची बिल्डिंग आहे, लाझ्लो हुदेक नावाच्या आर्किटेक्टची, तिच्यासमोर सिग्नलवर फोटो काढणाऱ्या पोरींचा इतका मेळा असतो की ट्रॅफिक पोलीस शिट्ट्या मारून दमतात. हुदेकचंच पार्क हॉटेल, १९३४ चं, २२ मजली, बरीच वर्षं आशियातली सगळ्यात उंच इमारत होती ती, आणि त्याच्या शेजारचं १९३३ चं ग्रँड थिएटर, ही जोडी मला बंडपेक्षा जास्त आवडली, कारण तिथे कोणी सेल्फी काढत नव्हतं. कॉफी दर दहा पावलांवर, मॅनर नावाची तिथलीच साखळी आहे, स्वतःचा कप नेला तर ५ युआन कमी करतात, ताई दुसऱ्या दिवसापासून पर्समध्ये स्टीलचा मग घेऊन.

आणि या सगळ्या फॅशनच्या मधून, झगमगीत दुकानाच्या शेजारच्या बोळातून एखाद्या आजी फुलाफुलांच्या रजईच्या कापडाचा पायजमा-शर्ट घालून भाजी आणायला निघालेल्या. शांघायची ही जुनी रीत, २०१० च्या वर्ल्ड एक्स्पोच्या वेळी तिथल्या सरकारने लोकांना विनंत्या केल्या होत्या की कृपया पायजम्यात बाहेर पडू नका, पाहुणे येणारेत. आपल्याकडे गाऊनवर ओढणी टाकून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातात तशातलाच प्रकार, आणि सरकारने सांगून काय फरक पडला असता ते डोंबिवलीत कोणालाही विचारा. ताईंनी त्या आजींना मनापासून दाद दिली.

शिनत्येनदी मात्र आम्हाला फारसं भावलं नाही. जुनी दगडी चौकटींची घरं पाडून-सजवून मॉल केलाय, गंमत म्हणजे १९२१ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाची पहिली बैठक जिथे झाली ते घर तिथेच आहे आणि आता आजूबाजूला घड्याळांची आणि पर्सची महागडी दुकानं.

खाण्याचं आधीच ठरवून ठेवणं फार गरजेचं. आम्ही मासे-कोंबडी खातो, डुक्कर-बीफ नाही, आणि ताई गुरुवार कडक पाळतात. हे चिनी लिपीत एका चिठ्ठीवर फोनमध्ये ठेवलं होतं, कारण तिथे भाजीतसुद्धा डुकराचा खिमा किंवा चरबी असू शकते, आणि ते सगळ्या जगाला आवडणारे आत रस्सा असलेले वाफवलेले मोदकासारखे शाओलोंगबाओ म्हणजे बहुतेक वेळा डुकराचंच सारण, खेकड्याचे म्हणतात त्यातही ते मिसळलेलं असतं. तेव्हा ते आमच्या वाट्याला आले नाहीत आणि त्याबद्दल मी फार रडणार नाही. गुरुवारसाठी मात्र मी ट्रिपमधली सगळ्यात चांगली मेजवानी ठेवली, युयुआन रोडवर फू हे हुई नावाचं मिशेलिन स्टार असलेलं पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंट आहे, बौद्ध धर्तीचं, टेबल कितीतरी आधी बुक करावं लागतं. लहान लहान खोल्या, एकेक पदार्थ येतो, मश्रूमचेच इतके प्रकार आणि इतक्या चवी, शिवाय सोबत वेगवेगळे चहा. ताई मोरपंखी इरकल नेसून बसल्या होत्या आणि दर प्लेट आली की "यात कांदा-लसूण नाही हे पटत नाही" म्हणत होत्या. बजेट कमी असेल तर नानजिंग रोडवर गोंगदेलिन आहे, १९२२ पासूनचं शाकाहारी, तिथे दुपारी साधं आणि पोटभर जेवण होतं.

नोव्हेंबर म्हणजे केसाळ पंजांच्या खेकड्यांचा मोसम. जवळच्या यांगचंग तळ्यातले सगळ्यात नावाजलेले. त्यांच्या पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी खायची, दहाव्यात नर, असा हिशोब. वाफवलेला खेकडा, आल्याचं व्हिनेगर, सोबत कोमट तांदळाची वाइन, आणि फोडायला चिमटे-सळ्या-हातोडीचा डॉक्टरी वाटावा असा सेट. आम्ही तो सेट बाजूला ठेवून कोकणी पद्धतीने कामाला लागलो. या जेवणाला साडी नाही, हे आधीच ठरलेलं. नटायचं नसेल तेव्हा न नटण्याचंही वेळापत्रक हवं. हात घाण न करता चव घ्यायची तर खेकड्याचा सोललेला गर घातलेल्या नूडल्स मिळतात, महाग, पण सोलायचे कष्ट दुसऱ्याचे.

शेवटचा दिवस बंडचा. सकाळीच गेलो, कारण सकाळी तिथे म्हातारी माणसं ताई-ची करत असतात, पतंग उडवत असतात, आणि लग्नाच्या फोटोसाठी आलेल्या नवऱ्या गाऊनवर पफर जॅकेट घालून कुडकुडत उभ्या असतात. नदीच्या अलीकडे त्या जुन्या दगडी इमारतींची ओळ आणि पलीकडे पूदोंग, ६३२ मीटरचा शांघाय टॉवर आणि बाकी सगळं. टॉवरवर चढायची तिकिटं आम्ही घेतलीच नाहीत, त्याऐवजी जिन माओ टॉवरच्या ५४ व्या मजल्यावर हॉटेलची लॉबी आहे तिथे खिडकीशी बसून चहा घेतला, लाइन नाही, खुर्ची आहे. आणि नदी ओलांडायला टूरिस्ट बोट न घेता साधी फेरी, २ युआन, सायकलवाल्यांबरोबर.

ताईंना मात्र मी खास न्यायचं ठरवलं होतं ते बंडवरच्या जुन्या एचएसबीसीच्या इमारतीत, १९२३ ची, आता दुसरी चिनी बँक आहे तिथे. दारातून आत गेलं की वर अष्टकोनी घुमट आणि त्यावर मोझेकमध्ये जगातली आठ शहरं, जिथे जिथे त्या बँकेच्या शाखा होत्या ती, लंडन, न्यूयॉर्क, टोकियो आणि त्यात कलकत्तासुद्धा. मधल्या काळात यावर रंग फासून ठेवला होता, तो १९९७ मध्ये काढला. ताई मान वर करून इतका वेळ उभ्या राहिल्या की गार्डने दोनदा येऊन बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मुंबई नाही घेतली बघ. कलकत्ता घेतलं." बँकवाल्यांचा राग वेगळाच असतो.

आणि रात्री पीस हॉटेल. जॅझ बारचं टेबल आधी सांगून ठेवलेलं, कारण म्हाताऱ्या वादकांचा तो बँड ऐकायला बाहेरचे लोकही येतात, आणि राहणाऱ्यांनाही ऐन वेळी जागा मिळेलच असं नाही. कमीत कमी किती युआनचं खायचं-प्यायचं तो नियम असतो, तो टेबल घेतानाच विचारून घ्या. ताई काळ्या साडीवर ते पैठणीचं जॅकेट घालून लिफ्टमधून उतरल्या, आणि लॉबीतल्या पिवळ्या काचेच्या घुमटाखाली एक चिनी बाई थांबून त्यांच्याभोवती चक्क एक फेरी मारून गेली, मग खुणेने विचारलं, फोटो? ताईंनी पाठ करून मोर दाखवला. त्यानंतर आणखी तिघी आल्या. मी माझा नवाकोरा काळा कोट घालून पर्स धरून उभी. हॉटेलात वेगवेगळ्या देशांच्या धर्तीवर सजवलेले स्वीट आहेत, त्यात एक भारतीय पण आहे, त्याचं भाडं ताईंनी रिसेप्शनवर विचारलं, ऐकलं, "छान" म्हणाल्या आणि सरळ बारकडे चालायला लागल्या. बँड तिथे जुनी इंग्रजी गाणी वाजवतो, ट्रम्पेटवाले आजोबा मधेच थांबून पाणी प्यायचे तेव्हा ड्रम्सवाले एकटेच खेचून न्यायचे. आम्ही एकेक कॉकटेल दोन तास पुरवलं. बिल दोन भागात दिलं नाही, त्या रात्री ताईंनी सूट दिली.

परतीला एअरपोर्टपर्यंत मॅगलेव्हने, म्हणजे चुंबकाच्या जोरावर धावणाऱ्या ट्रेनने गेलो, लोंगयांग रोड ते पूदोंग एअरपोर्ट ३० किलोमीटर, पूर्वी ती ताशी ४३१ किलोमीटरच्या वेगाने जायची, आता ३०० वर ठेवतात, तरी पोचायला आठ मिनिटं. त्याच दिवशीचं विमानाचं तिकीट दाखवलं तर ५० चं तिकीट ४० ला मिळतं हे ताईंनी खिडकीवरची पाटी वाचून शोधून काढलं. टॅक्स रिफंड घ्यायचा असेल तर एका दुकानातून एका दिवशी किमान २०० युआनची खरेदी लागते आणि दुकानातून फॉर्म घ्यावा लागतो, टेलरांकडे तो नसतो, त्यामुळे आमच्याकडे फक्त सिल्कच्या स्कार्फांचा होता. कस्टमवाला वस्तू बघायला मागू शकतो, म्हणून बॅग चेक-इन करायच्या आधी शिक्का घ्या. पैसे कार्डावर की रोख विचारलं, आम्ही रोख घेतले आणि गेटकडे जाताना चहाच्या डब्यांवर संपवले, ताईंच्या जुन्या ब्रँचमध्ये अकरा जण आहेत, प्रत्येकाला एकेक.